झाडलेली जमीन

अंडं गार पडलंय की अजून उबदार आहे, हे हाताला कळत नाही. अंडं मिटलेल्या पापणीला लावायचं.

शीट क्रमांक सतरा. पाणथळीची दक्षिण कड, कुंपणापासून अकरा मीटर. पालापाचोळ्याचा ढीग, उंची एक मीटर वीस, घेर बारा मीटर. बागेतला कचरा, शेजारच्या घरातून टाकलेला. काढून टाकावा.

डाव्या चपलेचा अंगठा.

मम, व्हेअर्स माय माउथगार्ड. मम.

दुपारी अडीच ते पाच वीज नव्हती.

गोल रेघ नीट काढली, तर ती कुठे सुरू झाली ते नंतर सापडत नाही.

बुधवारी सकाळी क्वेकर्स हिलच्या शाळेच्या गेटवर मुलीच्या, निहारिकाच्या, हातात हॉकीचं माउथगार्ड देऊन मैथिली गाडीत येऊन बसली आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. बोलणारा म्हातारा होता, इंग्रजीला इटालियन वळण, नाव बर्टोली. सेंट्रल कोस्टवरच्या त्या पाणथळीला लागून त्याचं घर होतं. पाणथळीत कचरा टाकल्याबद्दल त्याला काउन्सिलचं पत्र आलं होतं आणि पत्रात मैथिलीच्या अहवालाचा उल्लेख होता, खाली तिच्या ऑफिसचा नंबर. ऑफिसने तिचा नंबर दिला. तो चिडलेला नव्हता. फेब्रुवारीत आपला खुबा बदलला, तेव्हापासून आपण दाताळं हातात धरलेलं नाही, एवढं त्याने सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "बाई, तुम्ही तो ढीग पाहिलात ना? नीट पाहिलात?" मैथिली हो म्हणाली. तो म्हणाला, बरं, आणि फोन ठेवला. विंडस्क्रीनवर वायपरने पुसलेल्या दोन कमानी होत्या. तिने चावी फिरवली आणि ऑफिसकडे जाण्याऐवजी उत्तरेचा रस्ता धरला. ढीग उचलायला ट्रक उद्या सकाळी सात वाजता येणार होता.

दीड तासाच्या त्या रस्त्यावर तिने स्वतःला पुन्हा पुन्हा पटवलं की आपण नीट पाहिलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीचा सोमवार. पाणथळीच्या कडेने लाकडी पायवाट बांधायची होती आणि त्याआधी तिथे काय जगतं, कुठे जगतं, याची यादी तिला करायची होती. बेडूक मोजले होते, पेपरबार्कची झाडं मोजली होती, कासवाचं एक कवच सापडलं होतं. शेवटी तो ढीग. आणि ढिगापेक्षा ढिगाभोवतालची जमीन तिला आठवत होती. ती झाडलेली होती. दहा-बारा पावलांपर्यंत पान नाही, काडी नाही, ओल्या काळ्या मातीवर ओरखड्यांच्या कमानी, सगळ्या एकाच दिशेने ढिगाकडे वळलेल्या. अशी जमीन तिला पाठ होती. लहानपणी क्वार्टर्सच्या दारात आई रोज सकाळी खराटा घेऊन कमरेत वाकायची आणि मागे अशाच कमानी उमटत जायच्या. आई झाडत झाडत मागे सरकायची, म्हणजे स्वतःचं पाऊल झाडलेल्यावर पडू नये. पाचोळा बदामाच्या झाडाखाली गोळा व्हायचा, त्याचा ढीग व्हायचा. मैथिलीच्या डोळ्यांना झाडलेली जमीन म्हणजे माणूस. कोणीतरी वाकलं, कोणीतरी झाडलं, ढीग केला आणि आत गेलं. कोणी केलं हा प्रश्नच तिच्या मनात आला नाही. कोणत्या घरातल्याने केलं, एवढाच आला, आणि सगळ्यात जवळचं घर बर्टोलीचं होतं. इथे वाढलेला कोणीही ती जमीन बघून थबकला असता. इथे जंगल कोणी झाडत नाही.

झाडण्याची सवय सोडून तिने या देशात सगळं शिकून घेतलं होतं. अकरा वर्षं. त्यातली पहिली नऊ माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत, खिडकी नसलेल्या खोलीत, दुसऱ्यांनी आणलेल्या पिशव्यांवर नंबर घालत. पुण्याची एम.एस्सी. इथे कोणाला कळत नव्हती, म्हणून पुन्हा युनि, पुन्हा परीक्षा, रात्रपाळी करून आलेला नवरा झोपलेला असताना जेवणाच्या टेबलावर पक्ष्यांचे आवाज पाठ करणं. मग यतिनने तिला आपल्या कंपनीत घेतलं. यतिन मूळचा ठाण्याचा, वयाने तिच्याएवढाच, आणि त्याच्या चार माणसांच्या कंपनीत सरकारमान्य तपासनीस तो एकटाच. दुसरी ती होणार होती. तिचे तीन अहवाल मान्यता देणाऱ्या मंडळापुढे गेले होते, सहा आठवड्यांत निकाल. मान्यता मिळाली की तिच्या सहीला स्वतःचं वजन येणार होतं. आत्तापर्यंत प्रत्येक पानावर तिच्या नावाखाली यतिनचं नाव लागायचं. तीन अहवालांतला तिसरा याच पाणथळीचा. त्यात शीट सतरा. अहवालात निरीक्षणाची गंभीर चूक निघाली तर अर्ज परत येतो आणि दोन वर्षं पुन्हा करता येत नाही. दोन वर्षांनी ती चव्वेचाळीस वर्षांची असणार होती.

रस्ता संपला तिथे गाडी लावून ती बूट बदलून चालत गेली. आदल्या दिवशीचा पाऊस झाडांवरून अजून गळत होता. पाणी जिथे उघडं होतं तिथे ते चहासारखं होतं, आणि जिथे गवत होतं तिथे पाऊल टाकल्यावरच ते पाणी आहे हे कळत होतं. वास येत होता तो कुजण्याचा, पण नाक मुरडावं असा नाही. मुरत घातलेल्या कशाचा तरी. बेडूक टॉक, टॉक करत होते आणि ती चालली की तिच्यापुरते गप्प होत होते. ढीग दिसला. पंधरा दिवसांपूर्वी होता त्याहून वेगळा होता. माथ्यावर खड्डा होता, परातीएवढा, आणि त्यातून अगदी बारीक वाफ निघत होती. टाकलेला कचरा बसत जातो, पसरतो, त्यावर गवत उगवतं. हा उकरलेला होता, पुन्हा रचलेला होता, आणि त्याच्यावर आजच्या सकाळचं ओलं पान होतं. काम चालू होतं. मैथिलीला चूक कळली ती इथे, पक्षी दिसायच्या आधी. खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून तिने मातीचं तापमान बघायची सळई पिशवीतून काढली आणि कोपरभर आत खुपसली. सळईवरचे आकडे चढत गेले. एकवीस, सव्वीस, तीस. बाहेर सतरा अंश होते, दक्षिणेचं वारं सुटलं होतं, कानांच्या पाळ्या दुखत होत्या. आकडा तेहतीस पूर्णांक चारवर आला आणि थांबला. ती बघत राहिली. तो हलत नव्हता.

असा न हलणारा आकडा ती एका माणसामुळे ओळखत होती. तात्या, तिचे वडील, पुण्याबाहेरच्या एका उबवणी केंद्रात मशीनवर होते. कपाटांसारखी मोठी मशीनं, आत ट्रेवर ट्रे, ट्रेमध्ये अंडी, आणि प्रत्येक मशीनच्या दारावर एक गोल कागदी तक्ता हळूहळू फिरायचा, त्यावर शाईची टोकदार सुई तापमानाची रेघ ओढायची. चोवीस तासांत रेघ वर्तुळ पुरं करायची. तात्या संध्याकाळी तक्ता उतरवून मैथिलीला दाखवायचे. चांगल्या दिवसाचं वर्तुळ इतकं गोल असायचं की तिला ते कंपासने काढलेलं वाटायचं. त्यांचा मात्र सुईवर पुरता विश्वास नव्हता. दर दोन तासांनी ते दार किलकिलं करून एक अंडं काढायचे, चष्मा वर सारायचे आणि अंडं मिटलेल्या पापणीला लावायचे. त्या क्षणी ते श्वास घ्यायचे नाहीत. घरी कधी न दिसणारा चेहरा तिथे दिसायचा, काहीतरी ऐकत असल्यासारखा. ती नऊ वर्षांची असताना, मे महिन्यात, तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती रडत केंद्रावर गेली. तात्या मशीनं सोडून तिला चांभाराकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा वीज गेलेली होती आणि ते नसल्यामुळे जनरेटर कोणी लावला नव्हता. मग तो लावायला गेले तर लागेना. वीज पाचला आली. मधल्या वेळात तात्यांनी अंडं काढून पापणीला लावलं, एका डोळ्याला, मग दुसऱ्या, आणि मग खाली बसून तिच्या पापणीला लावलं आणि म्हणाले, "तू सांग. ऊब आहे का?" तिला काहीच कळलं नव्हतं. अंडं गुळगुळीत होतं, एवढंच. ती म्हणाली, "आहे." सुईने तक्त्यावर खोल दरी काढून ठेवली होती. तात्यांनी नवा तक्ता घेतला आणि टेबलाशी बसून, जीभ दातांत धरून, सबंध दिवसाची रेघ हाताने काढली. गोल. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सापडलं नसतं. दोन आठवड्यांनी त्या मशीनमधलं एकही अंडं फुटलं नाही आणि तात्या सगळ्यांना सांगत राहिले की अंडीच खराब आली होती. अंडी पुरवणाऱ्याचं काम सुटलं. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. तात्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दर रविवारी व्हिडिओवर दिसतात, तिकडे थंडी आहे का विचारतात.

तिने ढिगातली मूठभर माती काढली, डोळे मिटले आणि मूठ पापणीला लावली. कुजलेल्या पानांचं ओलं पीठ. ऊब होती. या वेळी कळली. ती पापणीतून आत गेली आणि डोळ्यामागे कुठेतरी पोचली. एवढी माती, एवढी पानं, कोणीतरी पायाने इथवर आणली होती आणि त्यांच्या कुजण्याला वेसण घालून एका आकड्यावर आणून उभं केलं होतं. मग तिच्या पाठीवर कचरा आदळला. पुन्हा आदळला, मानेवर, कॉलरच्या आत. ती वळली. चार पावलांवर एक मोठा काळा पक्षी तिच्याकडे पाठ करून उभा होता आणि एका पायाने पाचोळा मागे फेकत होता, नेम धरून. डोकं बोडकं आणि लालभडक, गळ्यात पिवळी जर्द सैल झालर, शेपूट उभी, बाजूने चेपलेली, बंद केलेल्या पंख्यासारखी. टर्की म्हणतात इथे त्याला, बुश टर्की, ब्रिस्बेनकडे घरांच्या अंगणातून हिंडतो, लोक हसतात त्याला. तिने त्याचं चित्र शंभर वेळा पाहिलं होतं. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न होता आणि तो तिने बरोबर सोडवला होता: नर ढीग रचतो, माद्या येऊन अंडी पुरून जातात, नर महिनोन् महिने ढिगाची ऊब राखतो. त्या उत्तरात हा नव्हता. ती बाजूला झाली, अगदी मागे, झाडलेल्या जमिनीच्या कडेपर्यंत, आणि आपली पावलं त्याच्या कमानींवर उमटलेली तिला दिसली.

पक्षी ढिगावर चढला. तिला विसरला, किंवा अंडी खायला आलेल्या घोरपडीसारखी पळवून लावलेली एक गोष्ट म्हणून त्याने तिला मनातून काढून टाकलं. माथ्यावरच्या खड्ड्यात त्याने आणखी उकरलं, मग मान आत घातली, खांद्यांपर्यंत, आणि तसाच राहिला. त्याच्या पाठीवरची पिसं वाऱ्याने उलटत होती. तो श्वास घेत नसावा. मैथिलीने घेतला नाही. किती वेळ. मग त्याने मान काढली, चोच माती भरून उघडी होती. ती माती त्याने चोचीत धरून ठेवली, डोळ्यावर खालून पांढरा पडदा सरकला, आणि मग थोडी थोडी करून माती गळू दिली. त्याला आकडा मिळाला होता. तो खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि पायाने पानं आत लोटू लागला, चार वेळा, थांबला, पाचव्यांदा. बस. त्याला माहीत होतं, किती. कोणी तक्ता बघणार नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं, रेघ कुठे उमटत नव्हती. चुकला असता तर अंडी गार झाली असती, एवढंच, आणि तेही त्यालाच कळलं असतं. मैथिलीला एकदम वाटलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी काम करताना पाहतोय. डोळे भरून आले, पण रडू नव्हतं ते. मोठ्या देवळात शिरल्यावर पायांना फरशी गार लागते आणि माणूस न ठरवता हळू चालू लागतो, तसं काहीतरी शरीरानेच परस्पर केलं होतं.

फोन थरथरला. यतिन. ती झाडांत मागे गेली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. कचरा नाही, घरटं आहे. अंडी आहेत. ट्रक थांबव. पलीकडे जरा वेळ कीबोर्डचा आवाज आला आणि थांबला. यतिनचं सुरुवातीचं बोलणं नेहमीसारखंच होतं, चेष्टेचं. "अगं, टर्की आहे ती, टायगर नाही. श्वास घे." ट्रक थांबवणं काहीच कठीण नव्हतं त्याच्या मते, पावसाने वाट खचली म्हणून कळवायचं, नो वरीज, कोणी विचारत नाही. राहिली शीट. त्यावरही तो विचार करून मोकळा झाला होता. सतरा नंबरची शीट काढून टाकायची आणि त्याच तारखेची नवी घालायची, पंधरा दिवसांपूर्वीच्या सोमवारची, आणि तिच्यात लिहायचं, टर्कीचा ढीग, चालू, हात लावू नये. मंडळाला कळवायचं की प्रत जोडताना जुना मसुदा चुकून गेला. तो हे समजुतीने सांगत होता. तो स्वतःच्या फायद्यासाठी बोलत नव्हता, आणि म्हणूनच ते टाळायला कठीण होतं.

"आणि बर्टोलीचं पत्र?" तिने विचारलं.

"त्याचं काय? ढीग हललाच नाही तर पत्र आपोआप विरून जाईल."

"त्याच्या नावावर राहील, यतिन. त्याने कचरा टाकला असं."

"मैथिली, ऐक. पक्षी वाचतोय. तू वाचतेयस. म्हाताऱ्याला फोन करून सॉरी म्हण, केक ने. अकरा वर्षं काढलीस तू. मी पाहिलंय ना. एका शीटवर घालवू नकोस."

ती झाडांतून ढिगाकडे बघत होती. त्याने विचारलं, आहेस ना. ती म्हणाली, आहे, अर्ध्या तासात कळवते, ट्रक मात्र आत्ताच थांबव. तो म्हणाला, थांबवला. आणि मग, फोन ठेवायच्या आधी, वेगळ्याच आवाजात, "खरंच दिसला का गं? ढिगावर? मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नाही."

ती परत कडेला येऊन उभी राहिली. टॅब काढला. जुन्या तारखेची नवी शीट भरायला चार मिनिटं लागली असती. तिच्या बोटांना रकाने पाठ होते. खोटं असं त्यात एकही वाक्य पडलं नसतं. ढीग तेव्हाही टर्कीचाच होता, तेव्हाही चालू होता. गोल झालं असतं सगळं. तिला तात्यांची दातांत धरलेली जीभ दिसली, आणि पहिल्यांदाच त्या दुपारचा राग आला नाही किंवा कीवही आली नाही. त्यांना किती भीती वाटली असेल एवढंच जाणवलं, आणि ती रेघ काढून झाल्यावर त्यांनी पुन्हा कधी अंडं पापणीला लावलेलं आपण पाहिलं नाही, हेही. रेघ वाचली होती. ती दुसरी गोष्ट, ते ऐकणं, गेलं होतं.

तेवढ्यात ढिगाच्या उतारावरची पानं हलली. वाऱ्याने नाही, खालून. एक जागा फुगली, बसली, पुन्हा फुगली. बराच वेळ काही नाही. मग मातीतून एक पाय बाहेर आला, अंगाच्या मानाने फार मोठा, आणि हवेत चाचपडला. मग डोकं. डोळे मातीने भरलेले. पिल्लू अर्धं बाहेर येऊन आडवं पडलं आणि त्याचं सगळं अंग धापेने हलत होतं. एक-दीड दिवस ते आतून वर उकरत आलं असणार, अंधारात, एकटं. कोणी हाक मारली नव्हती, बाहेर काही आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. बाप वरच होता. तो पानं ओढत होता. त्याच्या पायाचा एक फटका आला आणि पिल्लावर मूठभर पाचोळा पडला. त्याने पाहिलंही नाही. इतके महिने राखलेली ऊब, आणि ती घेऊन जो निघाला त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मैथिलीला वाटलं होतं की हे बघून वाईट वाटेल. वाटलं नाही. एवढं मोठं काहीतरी समोर चाललं होतं की त्यात आभाराला, ओळखीला, तिच्या वाईट वाटण्याला जागाच नव्हती. पिल्लाने अंग झाडलं. उभं राहिलं. पडलं. उभं राहिलं आणि धावत सुटलं, झाडलेली जमीन ओलांडून, तिच्या बुटांपासून हातभर अंतरावरून, आणि नेच्यात शिरलं. नेचे हलले, मग हलायचे थांबले. ते आता कोणाचंच नव्हतं.

तिने त्या दिवसाची तारीख घालून शीट उघडली. नंबर अठरा. टर्कीचा ढीग, चालू, आतलं तापमान तेहतीस पूर्णांक चार, अकरा वाजून दहा मिनिटांनी एक पिल्लू बाहेर आलं. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं: शीट सतरा चुकीची आहे. ढीग मी पाहिला आणि ओळखला नाही. शेजारच्या घराचा याच्याशी संबंध नाही. चूक माझी. तिने ते एकदा वाचलं, मग काउन्सिलला, मंडळाला आणि यतिनला एकाच वेळी पाठवलं. कुंपणापलीकडे काठी टेकत एक म्हातारा येऊन उभा होता, केव्हापासून कोणास ठाऊक. त्याने ढिगाकडे हनुवटी करून म्हटलं, "सकाळी सहापासून काम करतो. रविवारीसुद्धा." मैथिली म्हणाली की पत्र परत घेतलं जाईल. त्याने मान हलवली. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून बघत राहिले.

मंडळाचं उत्तर नवव्या दिवशी आलं, दोन ओळींचं. अर्ज परत.

पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या सोमवारी, शीट सतरा भरून झाल्यावर, मैथिली त्याच ढिगाच्या उतारावर बसून पोळी-भाजी जेवली होती. गार वारा होता. खालून ऊब येत होती, आणि तिला बरं वाटलं होतं.